विझलेला हिरवा दिवा

तिसगावच्या बाजारात मिक्सर, पंखे दुरुस्त करणारे एक चाचा बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन ज्या सर्ज प्रोटेक्टरवर, म्हणजे विजेचा झटका अडवणाऱ्या बोर्डावर चालायचं, त्याचं बटण सैल झालं, म्हणून तो बोर्ड घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

चाचांनी बटणाकडे पाहिलंही नाही. बोर्डावरच्या बारीक हिरव्या दिव्यावर अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "ह्यो कधी विझला?"

"महिन्यापूर्वी जवळच वीज पडली, तेव्हा. पण मशीन चालतंय."

"चालनारच. पन राखन संपली. तवाचा झटका ह्यानं सोसला. आता नुसता करंट पुढं देतोय. दुसरा झटका थेट मशीनला बसंल."

त्यांनी पक्कड घेतली आणि बोर्डाची वायर कापून टाकली.

"मोबाईलला तरी चालला असता," मी म्हणालो.

"आज मोबाईल लावशाल. उद्या घाईत कुनी मशीन लावंल."

नवा बोर्ड घेऊन मी घरी आलो. भिंतीच्या प्लगला लावलेलं मशीन त्यावर घेतलं.

"झालं का दुरुस्त?" वडिलांनी विचारलं.

मी हो म्हणालो. महिनाभर ते कशाच्या भरवशावर श्वास घेत होते, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.