पहाडाच्या दारात

मे महिन्याच्या नागपुरात हातावर स्वेटर टाकून फिरणारी बाई मी एकच पाहिली. हिमनदीवरच्या ट्रेकची आखणी करायला मी, म्हणजे गाईडने, गटातल्या सगळ्यांना सदर भागातल्या माझ्या ऑफिसात बोलावलं होतं. पन्नाशीची ही बाई कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजमधून थेट आली होती. तिथे ती फळांच्या पेट्या रचते.

विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पायथ्याच्या गावात मी दोन दिवस मुक्काम ठेवला होता. त्यावरून तरुण मंडळी उखडली. "सर, दोन दिवस नुसतं बसायचं?" मी समजावून थकलो, आणि शेवटी एक दिवस खोडायला पेन उचललं. तेवढ्यात तिने कागदावर तळहात ठेवला.

"काहून कापता गा भाऊ? आम्ही थंडीतून एकदम उन्हात नाही निघत. दारात उभं राहतो, आंगाले समजू देतो. नवीन पोट्टे घाई करतात अन् चक्कर येऊन पडतात. पहाडाच्याही दारात थांबा लागते."

मी पेन खिशात ठेवलं. दोन्ही दिवस राहिले.

दरवर्षी माझ्या गटातलं कुणीतरी आजारी पडून अर्ध्यातून परततं. यंदा आम्ही तेरा निघालो आणि तेराही जण एका दोरीने हिमनदीवर चढलो. पोरांच्या आरोळ्यांनी दरी दणाणली.

परतताना नागपूर स्टेशनवर ती एसी डब्याच्या दारातच थांबली. बाहेर ऊन भाजत होतं. मागचे प्रवासी ओरडत होते. आम्ही बाराही जण तिच्यामागे छाती काढून उभे राहिलो.