पांगाऱ्याचं कुंपण

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. कल्याणला भाड्याच्या खोल्यांमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला तो आपोआप येतो. घरमालक गोड बोलायला लागला की समजावं, खोली खाली करायची वेळ आली. एकदा एका बिल्डरकडे घर बुक केलं, तर पाया भरायच्या आधीच बिल्डर गायब. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

म्हणून नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि तो म्हणाला, "वाटणीत आलेला गावचा तुकडा पडून आहे, तिथेच घर बांधू," तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "इतकी वर्षं तो तुकडा कुणी मागितला कसा नाही?"

उत्तर जागेवर गेल्यावर मिळालं. खर्डीला उतरून रिक्षाने उंबरमाळीच्या अंगाला जायचं, डांबरी रस्ता सोडून थोडं चढायचं. जमीन वरकस, म्हणजे चढावरची, जिथे भात होत नाही. नाचणी झाली तर झाली, नाहीतर गवत आणि करवंदीच्या जाळ्या. खाली शेजाऱ्याची भातखाचरं, वर जंगलाच्या कडेला एक वाडी आणि मधे आमचा तुकडा. पण सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव होतं. मी चप्पल काढून त्या गवतात उभी राहिले. पायाखालची जमीन आपली असते तेव्हा कसं वाटतं, ते मला पन्नाशीत कळलं. यातली चिमूटभर मातीसुद्धा कुणाला द्यायची नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

पैसा बेताचा, त्यामुळे जे हाताशी मिळेल त्यातून घर उभं राहिलं. भिंती कारवीच्या. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या आणि त्यावर शेण, माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा द्यायचा. त्या भिंतीला इकडे कूड म्हणतात. नवऱ्याच्या चुलतभावाने घरावर स्लॅब टाकला होता, त्याची उतरवलेली कौलं आम्ही टेम्पोत भरून आणली. कल्याणला एक चाळ पाडत होते, तिथला दरवाजा भंगारवाल्याकडून घेतला. आम्हाला जिथून बाहेर काढलं त्या खोलीचा तो नव्हता, पण मी तसं मानून घेतलं आणि आतून कडी लावताना मला फार बरं वाटलं.

न्हाणीला भिंत नव्हती म्हणून वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स बांधला. त्यावरचे साहेब हात जोडून हसत होते. पहिल्या अंघोळीलाच मला ते नजरेसमोर खपेनात. मी फ्लेक्स उलटा करून बांधला. नवरा म्हणाला, "अगं, छापील माणूस आहे तो." मी म्हटलं, "छापील असो नाहीतर कसाही, त्यांचं तोंड डोंगराकडे असू दे."

कुडाला गिलावा द्यायला वाडीतली एक म्हातारी यायची. वाडीतले धडधाकट लोक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, मागे राहतात ती म्हातारी माणसं. ही त्यातली. मी तिला मावशी म्हणायचे. ती हाताने भिंत सारवायची आणि मी तिच्यामागे उभी राहून, शेण कमी आणि माती जास्त तर घालत नाही ना, ते बघायचे. तिला ते कळत होतं. ती कधी बोलली नाही.

पावसाच्या आधी कुंपण घातलं. तारेचं परवडणारं नव्हतं. पांगाऱ्याच्या फांद्या तोडून त्यांचे खुंट जमिनीत रोवले की पावसात त्यांना मुळं फुटतात, पालवी येते आणि कुंपण जिवंत होतं, हे नवऱ्याला लहानपणापासून माहीत होतं. शेजाऱ्याच्या बांधाला अगदी चिकटून आम्ही ओळ धरली. तेव्हा मावशी पाटी खाली ठेवून म्हणाली, "बाय, हितून वाट हाय गो."

मी पाहिलं. वाट कुठेच नव्हती. वाळलेलं गवत होतं, त्यात एकही पाऊल उठलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आज वाट म्हणेल, उद्या हक्क म्हणेल. वाडी आणि शेजारी मिळून तर हे चाललेलं नाही ना? नवऱ्याला म्हटलं, "रोवा." त्याने रोवले.

पाऊस लागला, खुंटांना पालवी फुटली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाच्या कडेने फिरायचे. कुणी म्हणेल हौस. हौस कसली, पहारा होता तो.

आषाढात एका सकाळी बांधाकडच्या कोपऱ्यातले काही खुंट मला वेगळे दिसले. बाकी ओळ तरारलेली आणि यांची पालवी माना टाकून बसलेली. रुजलेला खुंट असा उगीच मलूल होत नाही. मी खाली वाकले. बुडाशी माती भुसभुशीत होती. कुणीतरी ते उपटून पुन्हा रोवले होते, आणि आमच्या बाजूला, आत.

माझी कानशिलं तापली. पण मी आरडाओरडा केला नाही. ओढ्यातून गोटे आणले आणि त्या बाजूच्या प्रत्येक खुंटाच्या बुडाशी आतून एकेक ठेवून दिला. नवऱ्याला वाटलं शोभेला ठेवते आहे. बाजाराच्या दिवशी मी खर्डीला जाऊन आले आणि पिशवी न उतरवता थेट कोपऱ्यात गेले. माझे दोन गोटे कुंपणाबाहेर पडलेले होते, म्हणजे खुंट त्यांच्याही आत आले होते.

पुढच्या बाजारी आणखी दोन बाहेर. म्हणजे चोर माझ्या बाजाराचा वार ओळखून होता.

त्याच सुमारास माझा लांब बांबू नाहीसा झाला. घर बांधून उरलेल्यातला तो सगळ्यात सरळ, दोडक्याच्या मांडवासाठी मी जपून ठेवला होता. आता मात्र मी शेजाऱ्याच्या खळ्यावर जाऊन उभी राहिले.

"दादा, माझं कुंपण कोण सरकवतंय?"

शेजारी चांगला दांडगा, बोलका माणूस. एरवी हाक मारली की दोन गोष्टी जास्तच सांगणारा. त्या दिवशी तो बैलाच्या गळ्यातलं दावं सोडत-बांधत राहिला. "नाय वैनी, आमी नाय हात लावला. मला काय करायचीय तुमची फूटभर जागा?"

"मग बांबू?"

"बांबूचं मला ठाव नाय," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे माझा नवरा उभा होता. तो माझ्या मागोमाग आलेला मला कळलाही नव्हता. त्या दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला आवडली नाही. पाणी मुरत होतं, ते कुठे, तेवढंच कळत नव्हतं.

घरी येताना नवरा म्हणाला, "जाऊ दे की. पावसाने माती सरकली असेल."

"माती सरकते. खुंट चालत जातात का?"

तो पुढे चालायला लागला. त्याच्यावर मी संशय घेतला का? घेतला. तुकडा परस्पर शेजाऱ्याला द्यायचं ठरवून आलाय की काय, असंही मनात येऊन गेलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला एकदाही फसवलेलं नव्हतं, आणि तरीही येऊन गेलं.

सरकलेल्या खुंटांच्या आणि शेजाऱ्याच्या बांधाच्या मधे आता एक पट्टी तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी मी हातात कोयता घेऊन करवंदीच्या काटेरी फांद्या तोडल्या आणि त्या पट्टीचं वरचं तोंड भरून टाकलं. कमरेएवढा ढीग. नवरा ओट्यावरून बघत होता. "काटे कशाला घालतेस?" तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही, पण त्याचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, पकडला गेला म्हणून उतरला.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी भुरभुर पाऊस होता. चहा चुलीवर होता. वरून माणसांचे आवाज आले. वाडीतले बाप्ये घाईने उतरत येत होते आणि पुढच्याच्या खांद्यावर बांबू होता. माझा बांबू. मी तो शंभरांत ओळखला असता. मला वाटलं, कुंपण उखडायलाच आले. मी तशीच पावसात बाहेर धावले.

जवळ आल्यावर दिसलं की बांबूचं दुसरं टोक मागच्या माणसाच्या खांद्यावर आहे आणि मधे गोधडीची झोळी बांधलेली आहे. झोळीत बाई होती. मावशीची सून. दिवस भरलेली. तिने एका हाताने बांबू घट्ट धरला होता आणि तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता, नुसता श्वास येत होता.

ते काट्यांच्या ढिगापाशी थांबले. कुणी माझ्याकडे बघून ओरडलं नाही. पुढचा माणूस बांधावर पाय टाकून बघत होता. बांध भिजून खचला होता, पाय टाकला की खाली खाचरातच. तेवढ्यात माझा नवरा अनवाणी धावत आला आणि काटे उपसायला लागला. मला तेव्हा सगळं कळलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, पण कुणासाठी, ते समोर झोळीत होतं.

मी पण हात घातले. करवंदीचा काटा उलटा शिरतो आणि आत मोडतो, तरी मी ओढत राहिले. वाट मोकळी झाली. झोळी गेली. खाली रस्त्यावर शेजाऱ्याने जीप आणून उभी केली होती, म्हणजे त्यालाही सगळं माहीत होतं. मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

सगळ्यांच्या मागून मावशी येत होती. हातात कपड्यांचं गाठोडं. त्या अरुंद जागेत तिचा पाय कुंपणाखालून बाहेर पसरलेल्या माझ्या दोडक्याच्या वेलावर पडला. ती थांबली. सून पुढे झोळीत जात होती आणि ही बाई माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "वेल तुडवला गो बाय. रागवू नको."

मी नुसतं "जा, जा" केलं. ती गेल्यावर मी तिथेच चिखलात बसले आणि रडले. कुणाची दया आली म्हणून नाही. अशा वेळीही माणसं माझ्या रागाला भितात, हे मला लागलं.

दुपारी नवऱ्याने सुईने माझ्या तळहातातले काटे काढले आणि काढता काढता सांगितलं. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, मागे राहिलेली माणसं त्यातूनच खाली उतरतात. बाकी वाडी भट्टीवर. म्हणून आपण कुंपण घातलं तेव्हा गवतात पाऊल नव्हतं. पावसात ओढ्याला पाणी येतं, लोक परत येतात आणि तेव्हा खाली यायला हीच एक वाट. शेजाऱ्याने ते त्याला लोक परतल्यावर सांगितलं. सुनेचे दिवस जवळ आलेत हेही सांगितलं. खुंट नवऱ्यानेच सरकवले होते आणि बांबूही त्यानेच वाडीत नेऊन दिला होता, आधीच.

"मला सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग भांडायचं होतं. हे असं चोरासारखं, आपल्याच अंगणात?"

तो सुईकडे बघत म्हणाला, "भांडायची भीती नाय वाटली. तुला वाटलं असतं, मी त्यांना सामील आहे."

मला तसं वाटून झालेलं होतं. त्याच्यावर मी चिडले होते आणि अजूनही थोडी आहे. ज्याच्या ताटाला ताट लावून जेवले, त्याने माझ्या पाठीमागे खुंट उपटावेत, याचं दुःख कमी नाही. पण त्याला असं करावं लागावं, याचंही आहे.

शहापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असा निरोप संध्याकाळी आला. दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर बांबू भिंतीला टेकवून ठेवलेला. धुतलेला, पुसलेला. कधी ठेवला, आवाज आला नाही. एरवी इकडे लोक लांबूनच "गो बाय, हायस का" अशी हाक घालतात. मला कुणी हाक मारली नव्हती.

पुढच्या बाजारी मी खर्डीला गेले नाही. नवऱ्याला म्हटलं, "पहार घ्या." कोपऱ्यात जाऊन मी तो बांबू खांद्यावर घेतला, दुसरं टोक त्याच्या खांद्यावर दिलं आणि आम्ही वरून खाली चालत आलो. वळणावर बांबू खुंटाला अडला. त्याने चोरून सरकवलं होतं ना, म्हणून कमी सरकवलं होतं. त्या दिवशी भरली झोळी तिथे कशीबशी वळली असणार.

"अजून आत घ्या," मी म्हटलं.

"किती?"

"न्हाणीपर्यंत घ्या. दोडका मी पलीकडे लावीन."

तो पहार हातात धरून उभा राहिला. खुंटाकडे बघितलं, बांधाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. यात माझा काय डाव असेल, ते तो शोधत होता.