नवसाचा कोंबडा झरीत राहिला

निलेश गेल्यानंतर कितीतरी दिवस मी देवाशी बोलले नाही. निलेश माझा नवरा. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. तो तिथे असताना सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, झरी गावाच्या शिवेवरच्या देवाला कोंबड्याचा नवस बोलला होता. पोर उठून घरी आला की देईन. पोर आला नाही. कोंबडा मात्र झाई गावातल्या आमच्या घराच्या पडवीत, सिमेंटच्या जमिनीवर, टोपल्याखाली होता. रोज पहाटे आरवत होता. ज्याच्या बदल्यात तो ठेवला तो माणूस गेला आणि हा दाणे टिपतोय, हे पाहिलं की मी सुन्न होऊन उभी राहायची. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण या एका गोष्टीला कुठल्या पानावर ठेवावं ते कळत नव्हतं.

आई रडल्या नव्हत्या. मुलाचं नावही त्यांनी घेणं सोडलं होतं. एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत, "आधीच दिला असता तर देवाने पोर ठेवला असता." एका सकाळी त्यांनी कोंबड्याचे पाय सुतळीने बांधले आणि पिशवीत सुरी घातली. "उशिरा का होईना, देऊन टाकते. नायतर हे मला खात राहील." मला त्यांना अडवताही आलं नाही आणि एकटं सोडवलंही नाही. आम्ही बसने निघालो.

देव म्हणजे सागाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. आमच्याकडे कोंबडा देवासमोर धरला की त्याच्यावर पाणी शिंपडतात आणि थांबतात. त्याने अंग झाडलं की देवाने देणं स्वीकारलं. अंग झाडल्याशिवाय सुरी लावत नाहीत. आईंनी पाणी शिंपडलं. कोंबडा गप्प. पुन्हा शिंपडलं. तो नुसता डोळे मिटून बसला, पिसांवरून पाणी ओघळत राहिलं. "आता घेतही नाय," त्या पुटपुटल्या. सुतळी घट्ट झाली असेल म्हणून त्यांनी ती जरा सैल केली, आणि त्याच क्षणी कोंबडा सुतळीतून आणि हातातून निसटला, पलीकडच्या वाडीच्या कुंपणातून आत शिरला.

त्या वाडीबद्दल मी नुसतं ऐकलं होतं. हंसाबेन नावाच्या गुजराती बाई तिथे सोडवून आणलेल्या कोंबड्या, म्हाताऱ्या गाई, लंगड्या शेळ्या सांभाळतात. फाटक उघडून आत गेलो आणि मी जागच्या जागी थबकले. चिकूच्या झाडांखाली शेकडो कोंबड्या होत्या. कित्येकींच्या पाठीवर पीस नव्हतं, नुसती लाल कातडी. चोचीची टोकं कापलेली. काहींना स्वतःच्या अंगाचा भार पेलत नव्हता, त्या बसल्या बसल्याच पुढे सरकत. जन्मभर घरी कोंबड्या पाळलेल्या आईंनीही पदर तोंडाला लावला.

"ह्यांना काय झालंय?"

"पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातल्या आहेत, बा," दाणे टाकत आलेल्या हंसाबेन आईंना म्हणाल्या. "अंडी कमी झाली की काढून टाकतात. आम्ही उचलून आणतो."

"आणि कापत नाय? मग तुम्ही खाता काय?"

"डाळ-भात. तुम्ही सोमवारी खाता तोच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा कोंबडा तुमचाच आहे, बेन. पण पकडायचा तुम्हीच. माझे गुडघे गेलेत."

आम्ही दोघी त्याच्यामागे धावलो. तो चिकूच्या बुंध्यांमधून हुलकावण्या देत राहिला. शेवटी दम लागून आई बांधावर टेकल्या. मीही शेजारी बसले. तेवढ्यात समोरच्या खड्ड्यात एक बोडकी कोंबडी कुशीवर कोसळली. पाय ताणलेले, डोळे मिटलेले. मी किंचाळलेच. पुन्हा एक मरण माझ्यासमोर होत होतं.

"अगं, आंघोळ करतेय ती," आई म्हणाल्या. "मातीत लोळतात त्या. तुझ्या पुस्तकात नाय का हे?"

निलेश गेल्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच मला चिडवलं होतं.

त्या कोंबडीशेजारी आमचा कोंबडा हळूच आला. त्याने पायाने माती उकरली, खड्ड्यात बसला, पंख पसरून लोळला. कितीतरी दिवसांनी त्याला माती मिळाली होती. मग तो उठला, मान ताठ केली आणि तुऱ्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. धूळ उन्हात उडाली.

आईंनी माझं मनगट धरलं. "बघितलंस? घेतला त्याने."

हंसाबेन म्हणाल्या, "बा, ते तर सगळेच झाडतात. रोज. माती निघून जाते."

"रोज झाडत असतील," आई म्हणाल्या. "आज मी विचारायला आले होते."

आईंनी पिशवीतली सुरी काढून त्यांच्या हातात दिली. "भोपळा चिरायला ठेवा. तो इथेच राहू दे. देवाचा आहे, जिवंतच घेतला त्याने." बोलता बोलता त्या रडू लागल्या, मोठ्याने, माहेरच्या माणसासमोर रडावं तशा. हंसाबेन त्यांच्याजवळ खाली मातीत बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी.

तो चमत्कार होता की कोंबड्याची सवय, यावर मी वाद घालणार नाही. निलेश का गेला याचं उत्तर मला तिथे मिळालं नाही, आणि ते मिळेल असंही आता वाटत नाही. एवढंच कळलं, की द्यायचं आपल्या हातात असतं. देवाने ते कसं घ्यावं, हे आपण ठरवू शकत नाही. हे मला आईंमुळे कळलं, आणि त्या सकाळी त्यांच्यासोबत असल्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, "निलेश लहानपणी कोंबड्यांना भ्यायचा. एक मागे लागली तर थेट माळ्यावर. तुला बोलला होता कधी?"

"नाही," मी म्हटलं. "सांगा ना."

आणि झाई येईपर्यंत त्या सांगत राहिल्या.