काठातला बुटका दात

सरिता रोज सकाळी नळावर मला आपलं स्वप्न सांगते. माझ्या वरच्या खोलीत ती आणि तिची कॉलेजात जाणारी रोशनी भाड्याने राहतात. पाणी भरायची घाई असते, तरी मी ऐकून घेते, कारण असली स्वप्नं मला बापजन्मात पडली नाहीत. कधी सीताबर्डीच्या गर्दीवरून साड्या ढगांसारख्या तरंगत जातात, कधी मेट्रो रेशमाच्या धाग्यावरून धावते. शेवट मात्र ठरलेला. गर्दीतून लहानू येतो, तिला ओळखतो आणि ती दचकून उठते.

लहानू तिचा नवरा. उमरेडला असतो. दारू पिऊन इतकं मारायचा की एक दिवस ती पोरीला घेऊन निघून आली. नागपुरात ती कुठे राहते हे त्याला माहीत नाही, आणि ते तसंच राहावं एवढंच तिचं मागणं आहे.

दिवसा ती सदर बाजारात एका कापडाच्या दुकानात काम करते, उरलेल्या वेळात खोलीतल्या मागावर करवतकाठी साडी विणते. त्या खटखटीवरून मी आधी खूप कटकट केली. आता माग थांबला की मलाच चुकल्यासारखं होतं.

रोशनीने साड्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचं काढलं, तेव्हा सरिताने अटी घातल्या. नाव नको, तोंड नको, गल्ली नको. पोरगी शहाणी. तिने लोकेशन बंद केलं, समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती म्हणून गच्चीची दुसरी बाजू निवडली. साडी दोरीवर वाऱ्याने फुगली, मागे नुसतं आभाळ. मला तर तो फोटो सरिताच्या स्वप्नातूनच काढून आणल्यासारखा वाटला. लोकांनाही आवडला.

मग त्याखाली एक ओळ आली. फुलाचं चित्र लावलेलं कुणीतरी, नाव ना गाव. ‘हा काठ ओळखीचा वाटून राहिला. कुठं राहता तुम्ही?’

रोशनीने गिऱ्हाईक समजून खुशीत वाचून दाखवलं. सरिता पायरीवरच बसली, पांढरीफटक. करवतकाठीच्या काठाला करवतीसारखे दात असतात, आणि ते सगळे सारखे. सरिताच्या काठात मात्र मध्येच एक दात बुटका येतो. ती तिच्या आईची खोड, आईकडून हिच्या हातात उतरलेली. उमरेडच्या विणकरांत तो दात म्हणजे सरिताचं तोंडच, आणि लहानूचं सगळं घर विणकरांचं. आम्ही तोंड झाकलं, काठ उघडा राहिला. भिंतीला कान असतात म्हणायचे, आता तिला डोळेही फुटलेत.

“गिऱ्हाईक असंन वं एखादं,” मी म्हणाले.

“असंन बी. पण खरं-खोटं पाहाले मी पत्ता देऊ का?”

रोशनीने त्या खात्याला ब्लॉक केलं, फोटो काढून टाकले, आपलं खातं ओळखीच्या लोकांपुरतं ठेवलं. तरी कुणी फोटो आधीच उतरवून घेतला असेल तर, ही धास्ती उरलीच. दारात कुणाची सावली पडली की सरिता माग थांबवायची. कित्येक सकाळी नळावर स्वप्न नाही, नुसतं पाणी. त्या फुलवाल्याचा मला असा राग यायचा की समोर असता तर बादली डोक्यात घातली असती.

पुढच्या साडीचे दात तिने सगळे सारखे विणले. साडी देखणी झाली, दुकानातून चटकन विकली गेली. सरिता मात्र आईला दुसऱ्यांदा स्मशानात पोचवून आल्यासारखी रडली.

दिवाळीनंतर एकदा वर गेले, तर मागावर पुन्हा तोच बुटका दात. काहून विणून राहिली, म्हणून विचारलं.

“हे रोशनीले,” ती म्हणाली. “हिचा फोटो निघणार नाही.”

साडी मागावरून उतरली त्या दिवशी, चहासुद्धा फोटो काढल्याशिवाय न पिणाऱ्या रोशनीने आपला फोन माझ्याकडे दिला आणि वर गेली. फोन ओट्यावर थरथरत राहिला. मी तो पालथा घातला. वर दोघी मायलेकी हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरिताने नळावर स्वप्न सांगितलं. तीच साडी नेसून ती सीताबर्डीतून चालली होती. वरून साड्या तरंगत होत्या, आणि लहानू समोरून आला.

“ओळखलं का त्यानं?” मी बादली खाली ठेवली.

“ओळखलं,” ती म्हणाली. “पण म्याच त्याले ओळखलं नाही.”