खांद्यावरचा साहेब

पक्षाच्या समाजसेवा पुरस्काराला इंग्रज साहेबाचं नाव द्यायची सूचना माझी. "ज्याने ठाण्याच्या खाडीला बांध घातला, त्याचं नाव ठाणेकरांना ठाऊक नाही!" असं मी वॉर्डाच्या बैठकीत तळमळून म्हणालो. मलाही ते आदल्याच आठवड्यात कळलेलं. मी मूळचा डोंबिवलीचा. घोडबंदर रोडला फ्लॅट घेतल्यापासून ठाण्याचा इतिहास मला ठाणेकरांपेक्षा जास्त कळतो. सन्मानचिन्हावरचं साहेबाचं चित्रही मीच एका जुन्या पुस्तकातून शोधून दिलं.

पहिला पुरस्कार खाडीकाठच्या बाळकुम गावच्या माजी नगरसेविका ताईंना. कोळी घरातल्या. गावच्या पाण्यासाठी, स्मशानासाठी आयुष्यभर भांडल्या; पक्षाने कधी साधी शाल घातली नव्हती. यंदा त्यांनी माहेर-सासरच्या झाडून सगळ्यांना बोलावलं होतं.

छापील आमंत्रण द्यायला गेलो आणि हौसेने चिन्हाचा फोटो मोबाइलवर दाखवला. ताईंनी चष्मा लावून चित्र मोठं केलं.

"ओहोटीचा चिखल हाय. साहेबाचं बूट भिजू नये म्हनून खांद्यावर घेतलाय. खाली कोन हाय रे?"

मी खाली बघितलंच नव्हतं. कमरेपर्यंत चिखलात रुतलेले उघडे कोळी.

"आमचीच मानसा," ताई म्हणाल्या. "आनि ह्याच्या नावाचा मान मी घेऊ?"

घरी येऊन पुस्तकाची उरलेली पानं वाचली. साहेबाच्या मते काळ्या कातडीच्या माणसाला अक्कल कमी, पाठ मजबूत; देवाने तो ओझ्यासाठीच घडवलेला. बांधाच्या कामाला अशीच माणसं वेठीला धरलेली. हे सगळं मी वाचलेल्या प्रकरणाच्या पुढच्याच प्रकरणात होतं!

तातडीने पुरस्कार कमिटीची बैठक बोलावून म्हटलं, नाव बदला.

"सर, बॅनर लागलेत."

"चित्र क्रॉप करू ना. खालची माणसं उडवायची."

"अहो, मग साहेब हवेत बसलेला दिसेल!"

"दिसू दे. ट्रॉफी कोण एवढी निरखून बघतो?"

अध्यक्षांनी चहा संपवला. "त्या काळी सगळेच तसे होते हो. आणि सूचना कोणाची होती?"

 दुसरं नाव सुचवू लागलो, तर सगळे एकदम उठलेच.

कार्यक्रमाला ताई आल्या. शाल घेतली, नारळ घेतला. चिन्ह पुढे केलं तेव्हा माइक जवळ ओढला.

"शाल माझ्या कामाची, ती घेतली. ह्या साहेबाला आमच्या पनज्यांनी पुष्कल उचलला. मी नाय उचलनार."

मागच्या खुर्च्यांवरून बाळकुमने अशा टाळ्या वाजवल्या की अध्यक्षांनाही वाजवाव्या लागल्या. वाजवताना ते माझ्याकडे बघत होते. चिन्ह टेबलावरच राहिलं.

मी त्यांना स्टेजच्या पायऱ्यांपाशी गाठून म्हणालो, "ताई, पुढच्या वर्षी नाव नक्की बदलतो."

"नाव बदला मंग सावकाश," ताई म्हणाल्या. "आधी तुला कमिटीतून काढायला सांग."