सहा नात्यांची यादी

हरीश, आपल्या दिल्लीच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा, असं अण्णासाहेब म्हणाले. "आर. के. पुरमचा मुलगा, केवढा मोठा झाला, कौतुक करा." कौतुक मला जमत नाही, तुला माहीत आहे. घडलं ते लिहिते.

तू चार वर्षांचा असताना तुझी आई वारली. तिच्या माहेरच्या शेजारची शेवंता महिन्याभरासाठी म्हणून साताऱ्याहून आली आणि आमच्या समोरच्या तुमच्या क्वार्टरमध्ये राहूनच गेली. ना रक्ताची, ना लग्नाची. तुझे डबे, तुझा गोवर, तुझी बारावी, सगळं तिनं काढलं. वडील गेल्यावर तू तिला द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये नेलंस. तेवढं बरं केलंस.

दोन हजार तीनमध्ये तुझ्या गुडगावच्या कंपनीनं तुला एक काम दिलं. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांची माहिती विमावाल्यांकडे आणि हॉस्पिटलांकडे एक्सएमएल नावाच्या कॉम्प्युटर-फाइलींतून जाणार. तिचा साचा, तुमचा तो स्कीमा, तू ठरवायचा. 'नातं' या रकान्यात तू सहाच शब्द ठेवलेस: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. सातवा आला की कॉम्प्युटर नोंद परत पाठवणार. तुझ्या घरी टेबलावर कागद पसरून मला दाखवत होतास.

मी तीस वर्षं सरकारी फॉर्मांत घालवलेली बाई. विचारलं, "'इतर' कुठंय?"

"काकू, 'इतर' म्हणजे कचरापेटी. लोक वाट्टेल ते लिहितात यार."

"मग यादी साच्याबाहेर, वेगळ्या फाइलीत ठेव. नवं नातं आलं की तेवढीच बदलायची."

"आणि तपासणार कोण? बंद यादी बिल्कुल क्लीन."

शेवंता पोळ्या लाटत होती. "त्याला कळतंय ताई. तुम्ही कशाला त्याचं डोकं खाता?"

पुढच्या जानेवारीत ती बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. तुझ्या ऑफिसातली देविका तिचं नाव विम्याच्या कार्डावर चढवायला गेली, तर तुझ्याच साच्यानं नोंद परत केली. पोरगी शहाणी. फोनवर म्हणाली, "सर, 'आई' लिहून टाकू?"

"नको, खोटी माहिती जाईल," तू माझ्यासमोर म्हणालास. खरं लिहायला जागा ठेवली नव्हतीस, आणि खोट्याची लाज वाटत होती!

यादी वाढवायची तर साच्याची नवी आवृत्ती काढायची, ती एकोणीस हॉस्पिटलांनी एकदम घ्यायची. चौदा महिने लागले. कार्ड नाही म्हणून शेवंता सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या नंबरासाठी पाच आठवडे पडून राहिली. पाय आखूड झाला तो झालाच. काठी टेकत भाच्याकडे साताऱ्याला निघून गेली, "माझी अडचण नको" म्हणून. तू अडवलं नाहीस.

मग तुझा फोन. "काकू, 'इतर' घातलं! शेवंतामावशीचं नाव आता बसतंय. फक्त तिची सही हवी."

आपण दोघांनी जायचं, सही घ्यायची आणि तिलाही घेऊन यायचं, असं ठरलं. गोवा एक्स्प्रेसची तिकिटं काढली; तुझं ऑडिट आलं. पुन्हा काढली, तुझे अमेरिकेचे पाहुणे आले. मी एकटी जाऊ शकले असते. गेले नाही. तूच यायला हवास, हा माझा हट्ट.

सप्टेंबरात भाच्याचा फोन आला, शेवंता वारली. त्या आठवड्यातही आपली तिकिटं होती, शुक्रवारची. सही आणायची राहिली.