टेलला पोचलं का?

“टेलला कोण हाय आज?”

शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी मी पोचले आणि आतून हे वाक्य ऐकू आलं. मला वाटलं, कालव्याच्या पाण्याचं काही चाललं असेल. आमच्या भागात धरणाचा कालवा आहे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला सगळे टेल म्हणतात. पाणी सुटलं की चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नसतो. पण आत शेतकरी कुणी नव्हतं. एक बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या. समोर टेबलावर बटणांचे तीन साधे फोन ओळीनं मांडलेले. चौथा एका कानाला, आणि दुसऱ्या कानामागं तळव्याचा द्रोण करून धरलेला.

फोनवरचं ऐकायला द्रोणाचा काही उपयोग नसतो. पण तो हात तिथं गेला की पलीकडचं पोर, हात दिसत नसूनही, जरा मोठ्यानं बोलायचं, हे मी नंतर किती तरी वेळा पाहिलं.

ते वर्ष तुम्हालाही आठवत असेल. शाळांना कुलपं लागली होती. माझं पुण्यातलं कॉलेज बंद झालं आणि मी गावी आले. माझे काका गावातल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक. पोरगी घरात बसून आहे, लॅपटॉप आहे, इंग्रजी शाळेत शिकलेली आहे, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनी मला शाळेच्या कामाला लावलं. मला कुणाशी बोलावं लागणार नसेल तर माझी हरकत नव्हती. वेळापत्रक करायला बोलावं लागत नाही.

मी ते मन लावून केलं. सकाळी आठला स्मार्टफोन असलेल्यांचा व्हिडिओ तास. नऊला ज्यांच्याकडे फक्त आवाज जातो त्यांचा. दहानंतर साध्या फोनवाले. साध्या फोनवर एका वेळी पाच जणांनाच जोडता येतं, म्हणून पाच-पाचाच्या तुकड्या. आणि ज्यांच्या वस्तीवर रेंजच धड नाही, ते सगळ्यात शेवटी, अकरा वाजता. निळा, पिवळा, हिरवा असे रंगही दिले. काका म्हणाले, झकास. कागद शाळेच्या फाटकावर चिकटवला गेला.

हे झालं तेव्हा बाई आजारी होत्या. दहावीच्या वर्गशिक्षिका त्या, गणित शिकवायच्या. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, तोच हा दिवस.

मी त्यांच्यापुढे वेळापत्रक ठेवलं. त्यांनी कागद खालून वाचायला सुरुवात केली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “अश्विनीला अकराची वेळ कुणी दिली?”

मी तोंड उघडणार एवढ्यात दारात दुधाच्या दोन रिकाम्या कॅन वाजल्या. अश्विनीचे वडील होते. त्यांची वस्ती धरणाच्या पाण्यापलीकडं. सहा म्हशी, आणि घरात मिळून एक फोन.

“बाई, अर्ज आणलाय,” ते म्हणाले. “पोरीचा दाखला द्या. तीन आठवडे झाले, एक अक्षर शिकली न्हाय ती. तुमची शाळा भरती अकराला. अकराला माझा फोन लोहाऱ्याच्या हाटेलात दूध घालीत असतोय. त्याला शिकवायचं का हाटेलवाल्याला?”

ते रागावलेले नव्हते. दमलेले होते. त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. सोलापुरात मुलीच्या मावशीला घरकामाला माणूस हवं होतं, दाखला मिळाला की येत्या सोमवारी तिला पोचवायची. पुन्हा शाळा कधी उघडणार, कुणाला माहीत? आणि एकदा दाखला काढून तिकडं गेलेली मुलगी दहावीला परत येत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी भिंतीकडे बघत होते. माझ्या हिरव्या रंगाच्या चौकटीत ती मुलगी तीन आठवडे बसली होती आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की तिच्या घरी विचारावं, फोन कधी घरात असतो. विचारायचं म्हणजे बोलायचं होतं.

बाई उठल्या. त्यांनी आधी वडिलांना बसायला खुर्ची दिली. मग उभ्यानंच म्हणाल्या, “वेळापत्रक माझ्या वर्गाचं हाय. चूक माझी हाय, दादा. तिची न्हाय आन तुमची बी न्हाय.”

मी काही बोलले नाही. तुम्ही म्हणाल, एक वाक्य तर होतं. ते माझ्या घशात तयारही होतं.

“पंधरा दिवस द्या मला,” बाई म्हणाल्या. “पंधरा दिवसांनी तिला गणिताचा पेपर देते. आला न्हाय तर दाखला मी स्वतः तुमच्या हातात ठेवते. फोन घरात कधी असतो?”

वडिलांनी कॅनच्या कड्या हलवत सांगितलं. धारा काढून पावणेसातला ते निघायचे. त्याआधी फोन घरी. रेंज मात्र घरात नाही, गोठ्यामागच्या टेकाडावर चढलं तर येते.

“मग सहाला,” बाई म्हणाल्या. “टेकाडावर.”

ते गेल्यावर मला वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी फक्त एक कोरा कागद पुढे सरकवला. “आता खालून वर लिही, पोरी.”

कालव्याचा नियम त्यांनी मला त्या दिवशी सांगितला. पाणी आधी टेलला द्यायचं, मग वर वर यायचं. कागदावर तसंच असतं. पण कालव्याची दारं वरच्यांच्या शेताजवळ असतात, त्यामुळं वरचे आधी भिजवून घेतात आणि टेलला चिखल पोचतो. त्यांच्या वडिलांची दोन एकर जमीन टेलला होती. लहानपणी पाळीच्या दिवशी त्या चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेताकडं येणाऱ्या पाटाच्या, कोरड्या तोंडाशी बसून राहायच्या आणि वरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, पाणी कुठंपर्यंत आलंय? पाणी यायचं नाही, उत्तरं यायची. पुढं त्यांच्या घरी गेले तेव्हा बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्या वडिलांचा फोटो पाहिला. हातात फावडं घेऊनच काढलेला.

नवं वेळापत्रक करायला आम्हाला चार दिवस लागले. बाई मला घरोघरी घेऊन फिरल्या. प्रत्येक दारात एकच प्रश्न, फोन कुणाच्या खिशात असतो आणि किती वाजता? एकाच्या आजोबांच्या खिशात, आजोबा देवळात. एकीचा फोन आईबरोबर खुरपायला जायचा. वहीत त्यांनी कालव्याचं चित्र काढलं आणि सगळी मुलं त्या चारीवर बसवली. व्हिडिओवाल्यांना सगळ्यात शेवटची वेळ मिळाली. दोन बड्या घरचे पालक तक्रार घेऊन आले. बाई त्यांना म्हणाल्या, “तुमच्याकडं विहीर हाय. ह्यांना कालवाच हाय.” ते परत गेले.

आणि मग ते तास. मी सांगते ते खरं मानायला तुम्हाला जड जाईल. पहाटेचा गारठा, बाई शाळेच्या ओट्यावर शाल पांघरून, कानाला साधा फोन, आणि त्या भूमिती शिकवायच्या. फळा नाही, खडू नाही, आकृती नाही. “डोळे मीट. तुमच्या गोठ्याचा बांध दिसला? त्या बांधावर सरळ उभी राहा. तुझी सावली धर. आता बांध, तू, आन सावलीच्या टोकापासून तुझ्या डोक्यापर्यंत ताणलेला दोर. काढ वहीत.” मी माझ्या चकचकीत शाळेत तोच काटकोन त्रिकोण रंगीत पडद्यावर शिकले होते. तो मला समजला मात्र त्या ओट्यावर, डोळे मिटून.

बाई आवाजावरून माणूस ओळखायच्या. एकदा मधेच थांबून म्हणाल्या, “मोटार बंद कर, मग समीकरण.” पलीकडं खरंच विहिरीवरची मोटार चालू होती. एकदा म्हणाल्या, “अश्विनी, तू लिहीत न्हायीस.” मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, लिहिणाऱ्याचा श्वास थांबत थांबत येतो. नंतर मी कान देऊन ऐकलं. येतो.

तास संपताना हात कानामागं जायचा. “टेलला पोचलं का?” मग टेकाडावरून वाऱ्याच्या घोंघाटात बारीक उत्तर यायचं, “पोचलं, बाई.” ते आल्याशिवाय त्या पुढच्या पाचांना फोन लावत नसत.

मलाही त्यांनी इंग्रजीचे तास दिले. एकोणसत्तर की एकोणऐंशी हे मला बोटांवर मोजावं लागायचं. पान नंबर सांगताना मी अडखळले की पाची फोनांतून खुसखुस यायची. कुणी तरी म्हणायचं, “ताई, इंग्रजीत सांगा, आमाला समजंल.” बाई लांबून हसायच्या. पण माझा फोन कधी त्यांनी हातातून घेतला नाही.

पंधराव्या दिवशी पेपर झाला. बाईंनी प्रश्न सांगितले, अश्विनीनं टेकाडावर बसून उतरवून घेतले आणि उत्तरं लिहिली. उत्तरपत्रिका वडिलांनी कॅनच्या झाकणाखाली दाबून आणली. तिला दुधाचा वास येत होता आणि एक कोपरा ओला होता.

बाईंनी त्यांच्यासमोर ती तपासली. मग मार्क न सांगता कागद त्यांच्याकडे दिला. “बरोबरच्या खुणा तुमीच मोजा, दादा.”

त्यांनी बोट ठेवून मोजल्या. एकदा मोजून पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि पुन्हा मोजल्या. मग इतकंच म्हणाले, “माझा अर्ज कुठं ठिवलाय?” बाईंनी खणातून काढून दिला. त्याची चौघडी करून त्यांनी टोपीत ठेवली आणि उत्तरपत्रिका सदऱ्याच्या आत.

बाई या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मी पुण्याहून आले. शाळेच्या पटांगणात मांडव होता. व्यासपीठावर हार घातलेली खुर्ची होती, पण बाई तिच्यात नव्हत्या. शेवटच्या ओळीत उन्हात बसलेल्या बायकांना चहा मिळाला नव्हता म्हणून त्या तिकडं गेल्या होत्या आणि तिथंच बसल्या होत्या. काका दोनदा बोलवून आले. त्या हलल्या नाहीत.

अश्विनी बोलायला उभी राहिली. ती आता लातूरला नर्सिंग शिकते. वडील पहिल्या ओळीत, मांडीवर टोपी. ती म्हणाली, बाईंनी शिकवलेलं गणित आता फारसं आठवत नाही. पण माझ्या दादांसमोर बाई म्हणाल्या होत्या, वेळापत्रकाची चूक माझी आहे. एवढ्या मोठ्या माणसानं एका दूधवाल्याला असं सांगितलं, म्हणून दादांनी पंधरा दिवस दिले. “चूक कबूल करायला मी बाईंकडून शिकले,” ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. काकांनी माईक माझ्या हातात दिला. मी दोन गोड वाक्यं पाठ करून आणली होती. मांडवाच्या पार टोकाला बाई दिसत होत्या, हातात दुसऱ्या कुणाचा तरी कप.

मी बोलले. माईक तोंडापासून लांब होता, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. शेवटच्या ओळीत बाईंचा हात वर गेला आणि कानामागं तळव्याचा द्रोण झाला.

मी माईक जवळ घेतला.

“अश्विनी, ते वेळापत्रक बाईंनी केलं नव्हतं. मी केलं होतं. तुला शेवटी मी ठेवलं होतं.”